कापसाचा पांढरा, हळदीचा पिवळा

शोभाकाकू,

जीपमध्ये तुमच्या शेजारी बसलेली बाई म्हणते, तुम्ही झोपला होतात. दिग्रसहून निघालेली जीप, नेहमीसारखी ठासून भरलेली. तुम्ही मधल्या सीटवर, मांडीवर कॅमेऱ्याची बॅग. वाटेत कुठेतरी तुमचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. "लग्नघरून आल्या, दमल्या असन म्हटलं. म्हून मी खांदा हालवला नाई," असं ती मला तुमच्याच ओट्यावर बसून सांगत होती, आणि सांगताना तिचा उजवा खांदा अजून तसाच थोडा वर धरलेला होता. दारव्ह्याच्या स्टँडवर सगळे उतरले. तुम्ही उतरला नाहीत.

मला हे समजत नाही. लोक विचारतात, फार वाईट वाटत असेल ना? वाईट वाटायला आधी समजावं लागतं. डॉक्टर हृदय म्हणाले. तुमची कंबर दुखायची हे मला माहीत होतं, गुडघा माहीत होता, ॲसिडिटीच्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात तेही माहीत होतं. हृदयाबद्दल तुम्ही कधी एक शब्द काढला नव्हता.

त्याच सकाळी तुम्ही मला यवतमाळला फोन करून ओरडला होतात, चार्जर कुठे ठेवला म्हणून. मी म्हटलं, आरशाखालच्या खणात, रोलर्सच्या मागे. तुम्ही फोन आपटला. थोड्या वेळानं पुन्हा केलात, फक्त एक शब्द सांगायला. "भेटला." तो तुमचा माझ्याशी शेवटचा शब्द. शेवटचा शब्द असा असतो का? एखाद्या चार्जरबद्दल?

आपली ओळखही अशीच अर्धवट, कोणाच्या तरी कामातून झाली. बाबांची बँकेतून दारव्ह्याला बदली झाली होती. तुमचं ब्युटी पार्लर आमच्या भिंतीला लागून. मी यवतमाळच्या इंग्रजी शाळेत वाढलेली, सुट्टीत घरी आले की खिडकीतून जग बघणारी. त्या वर्षांत आपल्या जिल्ह्यात बाहेरच्या गाड्या फार यायच्या. कापसाचं सगळं बिघडलं होतं, कर्जापायी घराघरात शेतकरी जीव देत होते, आणि त्यांच्या मागे राहिलेल्यांचे फोटो काढायला लांबून लांबून पत्रकार यायचे. असाच एक आला. त्याला कोणीतरी सांगितलं, इथे एक विधवा राहते. तेवढं त्याला पुरलं.

तुम्ही माझ्या खिडकीकडे बघून हाक मारलीत, "इकडं ये वं पोरी. तू इंग्रजी शाळेतली ना? हा बापा काय म्हणून राह्यला, मले सांग."

मी आले. तो म्हणत होता, दारात बसा, कॅमेऱ्याकडे बघू नका. आणि मग जे म्हणाला ते मला मराठीत सांगायची लाज वाटली. तुम्ही म्हणालात, "सांग ना, काय म्हणते?"

"म्हणतात, जरा उदास बसा."

तुम्ही त्याच्याकडे नीट बघितलंत. "त्याले सांग, माया नवरा एसटीत कंडक्टर होता. काविळीनं गेला, त्याले बी जमाना झाला. मायाकडं कुंडीतल्या तुळशीबिगर काई पेरलेलं नाई. कापसाचं दुःख ज्याच्या घरी हाय त्याच्या घरी जाय, पण तिथंही उदास बसा असं सांगू नको."

मी तुळशीपर्यंतचं भाषांतर केलं. त्यानं तरीही फोटो काढले. त्याचं झाल्यावर तुम्ही हात पुढे केलात. "आता एकदा मायाजवळ दे." तो बिचारा नाही म्हणू शकला नाही. तुम्ही तो जड, काळा कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्याच्यावरच रोखलात. तो केस सारखे करायला लागला, मग हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना. गाडी गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "पाह्यलं कसा बावरला? आतालोक कसा हुकूम सोडून राह्यला होता." आणि मग, जरा थांबून, "मले हेच पाह्यजे."

आम्हाला सगळ्यांना वाटलं, बोलून गेल्या. पण पुढच्या लग्नसराईच्या आत नागपूरच्या तुमच्या भावाकडून तुम्ही डिजिटल एसएलआर आणवलात. हळदीच्या अंगणात ओलेत्या बायकांमध्ये पुरुष फोटोवाला कोणाला नको असतो, नवरीला तर नकोच असतो. नटवायला तुम्हीच जात होतात, तर फोटोही तुम्हीच काढायचे. तुमचा हिशेब सरळ होता. अडचण एकच होती. डब्यातलं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं.

"मॅडम," तुम्ही भिंतीवर थाप मारून म्हणालात. तेव्हापासून मी मॅडम झाले. कधी इंग्रजी मॅडम, कधी पुस्तकवाली. "तू वाच, मी करतो."

मी वाचायची. तुम्ही कोणाच्या तरी भुवया कोरत असायचात, दोरा दातात धरलेला, आणि मान हलवून "हं, हं" म्हणायचात. माहितीपुस्तकात कुठलं बटण कुठे आहे एवढंच होतं, का आहे ते नव्हतं. म्हणून मी नागपूरहून फुटपाथवरची दोन जाडजूड पुस्तकं आणली, नवशिक्यांसाठीची. परदेशात छापलेली. त्यात दीपगृह होतं, केसाळ कुत्री होती, पानगळीची लाल झाडं होती. माणसं फारशी नव्हती आणि होती ती सगळी आपापले दात दाखवून हसत होती. "यायच्या घरी लग्न होत नाईत काय वं?" तुम्ही विचारलंत.

भिंगाच्या आतल्या भोकाला आपण बाहुली म्हणायला लागलो, डोळ्यातल्यासारखी. अंधारात मोठी होते, उजेडात बारीक. शटर म्हणजे पापणी. पण आकडा मोठा केला की बाहुली बारीक का होते, यावरून आपण दोघी सारख्या चुकायचो. मी तीन वेळा वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "त्या पुस्तकवाल्याले विचार, उलटं काहून ठेवलं?" मी म्हटलं, त्याला कसं विचारणार. "मंग मी पाहतो." आणि तुम्ही शेल्फवरून नेलपॉलिश काढलंत. बाहेर उन्हात लाल ठिपका, घरात गुलाबी, मांडवात जांभळा. कॅमेऱ्याच्या चक्रांवर अजून ते ठिपके आहेत. जांभळ्याचा एक टवका उडालाय.

कापसाची गोष्ट मला रोज आठवते, काकू. बाजार समितीच्या आवारात आपण सरावाला गेलो होतो, कारण तुम्ही म्हणालात, माणसं हलतात, ढीग हलत नाही. एका शेतकऱ्यानं त्याच्या बैलबंडीवर चढून, कापसात उभं राहून, पोज दिली. दुपारचं लख्ख ऊन. फोटो आला तर कापूस राखेच्या रंगाचा. तुम्ही बाहुली बदललीत, पापणी बदललीत, कापूस मळकाच. त्या माणसानं खाली उतरून पडद्यात पाहिलं.

"हा माया कापूस हाय? मावशी, हे त राख हाय राख."

"थांब ना भाऊ, शिकून राह्यलो."

"शिका, पण हा फोटो व्यापाऱ्याले दाखवू नका बाप्पा. तो तसाई भाव पाडून राह्यला."

सगळे हसले, तोही हसला, पण हसून झाल्यावर त्यानं बंडीतला कापूस मुठीत घेऊन उन्हात धरून बघितला, खरंच पांढरा आहे ना म्हणून. ते मी पाहिलं. तुम्हीही पाहिलंत.

मी दोन्ही पुस्तकं चाळली. कापूस कुठेच नव्हता. मग बर्फाच्या प्रकरणात सापडलं. कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं आहे असं वाटतं, म्हणून बर्फ समोर आला की तो घाबरून त्यालाही करडा करतो. तेव्हा अधिकचं चिन्ह दाबून त्याला सांगायचं की बाबा, हे खरंच पांढरं आहे. मी धावत तुमच्याकडे आले. धावत, मी. तुम्ही कोणाच्या तरी केसांना मेंदी लावत होतात. तसेच हिरवे हात घेऊन तुम्ही ऐकलंत.

"म्हणजे बर्फाचा धडा आपल्या कापसाले चालते?"

"चालतो."

"अन् त्या बिचाऱ्याले माहीतच नाई का आपण इथं त्याचा बर्फ वापरून राह्यलो." मग तुम्ही हसायला लागलात आणि मेंदीवालीचं डोकं गदगदा हलायला लागलं.

दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा गेलो. त्या माणसाला शोधून काढलं. कापूस पांढरा आला. तुम्ही त्याला तो फोटो धुऊन नेऊन दिलात. मला आजवर वाटतं, आपण दोघींनी मिळून या जगात एक काम नीट केलं असेल तर ते.

पण त्यानं आपला पुस्तकावर फार विश्वास बसला. पुस्तकात पिवळेपणाचंही एक प्रकरण होतं. फोटोत सगळंच पिवळं दिसत असेल तर तो दोष आहे, बल्बचं चिन्ह निवडा, पिवळेपणा जाईल. आणि दारव्ह्यातल्याच एका हळदीत सगळंच पिवळं होतं. मांडवाचं कापड पिवळं, त्यातून गाळून आलेलं ऊन पिवळं, साड्या पिवळ्या, ताट पिवळं, नवरी तर डोक्यापासून पायापर्यंत. तुम्ही मान वळवून मला म्हणालात, "मॅडम, हे त सगळं पिवळंच पिवळं. दोष हाय ना हा?" मी म्हटलं, पुस्तकाप्रमाणे आहे. तुम्ही बल्बचं चिन्ह लावलंत. छोट्या पडद्यावर नवरी स्वच्छ, गोरी दिसली. तुम्ही खुश, मी खुश, नवरीही खुश.

फोटो धुऊन आले तेव्हा हळद नव्हती. ताटात पांढुरकं पीठ होतं. नवरीच्या गालावर राख फासल्यासारखं काहीतरी होतं. आपण मंगलाष्टकांचे, जेवणावळीचे सगळे फोटो वर ठेवून ते खाली ठेवले, जणू कोणी खालपर्यंत पोचणारच नाही.

नवरीची आई पोचली. "हे काय वं शोभा? पोरगी पिठात घोळली काय? हळद कुठं गेली?"

आणि मग नवरीची आत्या, पानदान मांडीवर घेऊन बसलेली, कोणाकडेच न बघता म्हणाली, "पांढऱ्या कपाळाची बाई मांडवात नेऊन उभी केली. हळद पांढरी नाई होईन त काय होईन."

कोणी तिला गप्प केलं नाही. मी उठून उभी राहिले. मी, जिनं वर्गात कधी हात वर केला नाही. मी त्या भरल्या घराला म्हणाले, "हा प्रकाशाच्या रंगसंतुलनाचा प्रश्न आहे. कॅमेऱ्याला पिवळा प्रकाश वाटला, म्हणून त्यानं निळा मिसळला." वीसेक बायका माझ्याकडे बघत राहिल्या. तुम्ही फोटोंचा गठ्ठा पदरात घेतलात आणि हसत म्हणालात, "चाल मॅडम. बल्ब चुकला, एवढं सांग ना. संतुलन कायले सांगतं?" त्यांना सांगितलंत, "दोन दिवसात हळद आणून देतो." आणि स्टुडिओवाल्याच्या कॉम्प्युटरवर खरंच आणून दिलीत. त्यांनी फोटो घेतले, चहाही पाजला.

ते हसणं घराच्या दारापर्यंतच टिकलं. आत येऊन तुम्ही कॅमेरा कपाटात ठेवलात, टॉवेलमध्ये गुंडाळून, जसा तुम्ही कधीच ठेवत नव्हता. मग आरशातल्या माझ्याकडे बघितलंत.

"यापुढं हळदीत तू आत जायजो. मी बाहेरून मांडवाचे काढतो."

"का?"

"काहून म्हणजे? तू कुवारीण पोरगी. तुले कोणी काई म्हणत नाई."

आपला वाद तिथून सुरू झाला, काकू, आणि तो संपलेला नाही. मी म्हटलं, आमच्या घरी असलं काही मानत नाहीत. आमच्याकडे आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच हे सगळं बाहेर टाकलं. माझ्या आजीनं आजोबा गेल्यावर नातींच्या हळदीत स्वतः पहिली हळद लावलीय. तुम्ही म्हणालात, "तुया घरी नसन मानत. मले फोटो मायावाल्या घरायचे काढा लागते." मी म्हटलं, तुम्ही बाहेर थांबलात तर त्या आत्याबाईचं खरं होईल. तुम्ही म्हणालात, "होऊ दे. लग्न नवरीचं असते, माया वादाचं नाई." मी म्हटलं, मग मीही आत जाणार नाही, ते तत्त्वात बसत नाही.

तेव्हा तुम्ही हातात घेतलेला भुवयांचा दोरा खाली ठेवलात आणि जे बोललात ते मी कोणाला सांगितलेलं नाही. "तत्त्व नको सांगू मले. तू भेतं. तुले लोकाईच्या समोर जायची भीती वाटते, अन् तू तिले तत्त्व म्हणतं."

मी चार दिवस पार्लरमध्ये आले नाही. पाचव्या दिवशी तुम्ही भिंतीवर थाप मारलीत आणि विचारलंत, उडत्या पाखराच्या प्रकरणात पापणी कितीवर ठेवायला सांगितली आहे. तुम्हाला पाखराचा फोटो काढायचा नव्हता. मला माहीत होतं. मी आले, वाचून दाखवलं.

त्यानंतरच्या दोन लग्नांत तुम्ही हळदीच्या वेळी बाहेर थांबलात आणि मी आत गेले नाही. त्या दोन्ही घरी हळदीचा एकही फोटो नाही. आपण दोघी किती हट्टी होतो. मग दिग्रसचं काम आलं. माझी यवतमाळला प्रॅक्टिकलची परीक्षा होती, त्यामुळे तुम्ही एकट्या जाणार होतात. आदल्या संध्याकाळी फोनवर मी म्हटलं, "काकू, यावेळी मी नाही. आत तुम्हालाच जावं लागेल." तुम्ही म्हणालात, "पाहू." मी म्हटलं, "पाहू नाही, जा." तुम्ही म्हणालात, "अभ्यास कर."

दिग्रसच्या हळदीचं एवढंच मला माहीत होतं, जेव्हा तुमची बातमी ऐकून यवतमाळहून पकडलेली बस दारव्ह्याच्या स्टँडवर थांबली. त्याच स्टँडवर. तुम्ही आत गेलात की बाहेर थांबलात, हे विचारायला मी तुमच्याकडे निघालेच होते, अशा सवयीनं माझे पाय चालत होते. आईनं दारात मला धरलं.

सकाळी मागच्या अंगणात बायकांनी साडीचा आडोसा धरला. एक टोक माझ्या हातात होतं. मी तुमच्याकडे बघत नव्हते, पाण्याच्या बादलीकडे बघत होते. तुमच्या जाऊबाईंनी पाणी ओतलं आणि थांबल्या.

"हे काय वं?"

तुमच्या डाव्या कानाखाली, गालावरून हनुवटीकडे गेलेला पिवळा पट्टा होता. वाळून जरा फुटलेला. पाण्यानं तो उजळला.

"हळद हाय," कोणीतरी म्हणालं, अगदी हळू.

"विधवा बाईच्या तोंडाले हळद?" जाऊबाईंनी इकडेतिकडे बघितलं. "साबण दे. घासा लवकर, माणसं खोळंबली बाहेर."

"राहू द्या."

तो आवाज माझा होता हे मला बायका माझ्याकडे वळल्यावर कळलं. माझा हात वर होता, साडी धरलेला, तो मी खाली घेतला नाही. जाऊबाई म्हणाल्या, "तुले काय समजते, पोरी?" मी पुन्हा म्हटलं, "राहू द्या ते." यावेळी मी काहीही समजावून सांगितलं नाही. शेवटी पलीकडच्या बनूबाई म्हणाल्या, "राहू दे वं. लग्नघरून आली, उडाली असन थोडीशी. मेलेल्या माणसाले कायले घासतं?" जाऊबाईंनी साबण खाली ठेवला. वाईट नाहीत त्या. त्यांच्याही डोळ्याला धार लागलेली होती, आणि त्यांना फक्त सगळं रीतीप्रमाणे व्हायला हवं होतं.

तुम्ही त्या पिवळ्यासकट गेलात.

पण उडाली असेल, हे माझ्या मनात रुतून बसलं. कारण मग तुम्ही आत गेलात ते कशा? दाराआडून, कोणाला दिसू नये अशा, एखादा शिंतोडा अंगावर उडेपर्यंत? की मान वर करून? तेरवी झाल्यावर तुमच्या दिरांनी कॅमेऱ्याची बॅग माझ्याकडे आणून दिली. "हे तुलेच समजते," म्हणाले. मी बरेच दिवस ती उघडली नाही. उघडली ती दिग्रसच्या घरून फोटोंची आठवण आली म्हणून.

फोटोंत पिवळा बरोबर होता, काकू. तुम्ही बल्बला हात लावला नव्हता. हळद हळदीसारखी, मांडवाचं कापड जरा फिकं, आणि नवरीच्या पापणीच्या केसांवर अडकलेला हळदीचा कणसुद्धा दिसतो इतक्या जवळून. म्हणजे तुम्ही आत होतात. भिंतीला टेकून नाही, पार पाटाशी. पण तुम्ही स्वतः त्यात कुठे नाही. फोटो काढणारी बाई कशी उभी होती, हे तिच्या फोटोंवरून कळत नाही. हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

मी फोटो धुऊन घेतले आणि दिग्रसला गेले. जीपनं. मधल्या सीटवर मला बसवेना, मी मागे बसले.

नवरी माहेरी आलेली होती. नखांवरची मेंदी अजून पूर्ण उतरली नव्हती. तिनं एकेक फोटो घेऊन बघितला. तिची आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "दुसऱ्या दिवशी त्याईची वाट पाहून पाहून मंग दुसरा फोटोवाला बोलावला. आमाले कोण सांगणार?" मग चहा आला. मला विचारायचं होतं, आणि तुम्हाला माहीत आहे, मला अनोळखी घरात पाणीसुद्धा मागता येत नाही. मी चहा संपवला. उठलेही. चप्पल घालताना मी विचारलं, दाराकडे तोंड करून.

"काकूंच्या गालाला हळद होती. ती उडाली होती का?"

"उडन कायची?" नवरी म्हणाली. "म्या लावली."

मी वळले.

"सगळ्याईनं एकामेकीले लावली, त्याच राह्यल्या होत्या. आई मागून 'अवं, अवं' करून राह्यली होती. म्या म्हटलं, काकू, गाल इकडं करा. त्याईनं मायाकडं पाह्यलं. चांगलं लंब पाह्यलं. मंग कॅमेरा असा डोक्याच्या वर धरला, दोन्ही हातांनं, अन् गाल पुढं केला." तिनं करून दाखवलं. दोन्ही हात वर, मान उजवीकडे कललेली. "म्हणल्या, लाव बाई. पण काचेले लागू नको देऊ."

मला हसू आलं. त्या घरात, दारात, एका पायात चप्पल. तुमच्या जाण्यानंतर पहिल्यांदा, आणि ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. नवरीच्या आईनं मला आत नेऊन पुन्हा बसवलं. पुन्हा चहा केला.

त्याच घरात तिच्या चुलत बहिणीचं लग्न ठरलंय. ती मुलगी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "ताई, हळदीले तुमी येसान ना?" मी होय म्हणाले. अंगणभर बायका असतील, सगळ्या माझ्याकडे बघतील, मी कॅमेरा डोळ्याला लावून त्याच्या मागे दडायला बघेन आणि बहुतेक पहिले सगळे फोटो हलतील.

मी भिते, काकू. ते तत्त्व नव्हतंच. त्यात तुमचं बरोबर होतं. पण आत कोणी जायचं, यात माझं बरोबर होतं, आणि हे तुम्हाला जीपमध्ये बसण्याआधी कळलं होतं. तुम्ही दारव्ह्याला उतरून मला ते सांगणार होतात की नव्हतात, एवढंच आता राहिलं. मला वाटतं, नसतंच सांगितलंत. दोरा दातात धरून "वाच पुढं" म्हणाला असतात, आणि मी वाचायला लागले असते.